गुडघ्याखालचं घर

बस्त्याव सरांच्या घरात एकही वस्तू गुडघ्याच्या वर नाही. टीव्ही जमिनीवर, पाण्याचं भांडं जमिनीवर. पलंगाचे पाय सरांनी स्वतः करवतीने कापलेत, खुर्च्यांचेही. उंचावर आहे ती फक्त येशूच्या आल्तारावरची, म्हणजे त्यांच्या देव्हाऱ्यातली, मेणबत्ती. तीही ठकीची शेपटी पेटू नये म्हणून. त्यांच्याकडे चहाला गेलं की आधी खाली कोसळायचं आणि चहा संपला की कुणी हात देतंय का बघायचं. सर स्वतः खिडकीच्या गजाला बांधलेली दोरी धरून उठतात. मला वाटायचं, व्यायामाचा काहीतरी प्रकार असेल.

हा सगळा खटाटोप एका म्हाताऱ्या मांजरीसाठी. आणि ती मांजर माझी आहे, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते.

सर म्हणजे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. एकटे. माणिकपूरच्या आमच्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर आणि आम्ही पहिल्यावर. ठकीला मी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं. चौदा वर्षं ती माझ्या फ्रिजवर झोपली. मग तिने फ्रिजवर उडी मारणं सोडलं, खिडकी सोडली, पाठीवरचे केस चाटणं सोडलं. मी म्हटलं, माजलीय. एक दिवस खाली गेली ती वर आलीच नाही. सरांच्या पायपुसण्यावर जाऊन बसली. उचलायला गेले तर अशी ओरडली, की बघणाऱ्याला वाटावं मी छळतेच तिला.

सरांनी तिला टोपलीत घातलं आणि रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. परत आले ते मास्तरी आवाजातच. "वहिनी, सांधे झिजलेत तिचे. लंगडत नाय म्हणजे दुखत नाय असं नसतं. मांजर दुखणं दाखवत नाय, एवढंच. वयाचा मान ठेवा."

'वयाचा मान ठेवा' हे त्यांचं पालुपद. बंद पडलेला पंखा, वाकडी छत्री, सोसायटीचा गंजका पंप, सगळ्यांना ते हेच लावतात. मी आपली मायेने माझी गुडघ्याची गोळी अर्धी करून द्यायला निघाले, तर माझ्या हातातून ती हिसकावलीच त्यांनी. "माणसाची गोळी तिला विष! डॉक्टरनी बजावलंय."

तेव्हापासून ठकी त्यांचीच झाली. तिच्या शी-शूच्या मातीच्या ट्रेची एक कड कापून ठेंगणी केली, कारण तिला पाय उचलवत नाही. रोज पाठ विंचरायची, नखं कापायची, थंडीत गरम पाण्याची पिशवी. माझे गुडघे किती वर्षं कुरकुरताहेत, आमच्या घरात कुणी पलंगाच्या पायाला करवत लावली नाही! मी हे नवऱ्याला बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "तू मांजर आहेस का?"

नाव ठकी, तर हे तिला ठकूबाय म्हणतात. तिच्याशी आपल्या घरच्या बोलीत बोलतात. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही आणि ही बया मान डोलावते. उपवासकाळात सरांच्या घरी मासळी-मटण बंद, पण तिला मांदेली चालूच. विचारलं तर म्हणतात, "तुमची मांजर हिंदू ना, तिला कसला उपवासकाळ?" तेवढ्यापुरती ती माझी.

मीही गप्प बसले नाही. सुरमई तळली, ठकीला टोपलीतून वर आणलं. तिने सुरमई खाल्ली, तोंड पुसलं आणि दाराशी जाऊन बसली. इतका अपमान माझा सासरीही झाला नव्हता.

मग एका रविवारी, सर चर्चमधून मिस्सा आटोपून आल्यावर, जिन्यात ठोकाठोक सुरू झाली. बघते तर प्रत्येक पायरीवर भिंतीला लागून एकेक ठेंगणी लाकडी पायरी बसवलेली, वर काथ्याचा तुकडा. मांजर घेतली, आता जिनाही घेतला! मी तावातावाने खाली उतरले.

"सर, हे काय चाललंय?"

सरांनी तोंडातले खिळे काढले. "ठकूबाय रोज संध्याकाळी पहिल्या पायरीपाशी बसते. तुमच्या दाराकडे बघत. तुमच्या कुकरची शिट्टी झाली की कान टवकारते."

"आणि हे मला आज सांगताय?"

"कशाला सांगू?" सर हातोडीकडे बघत म्हणाले. "मी वाटी वाजवून तिला आत बोलवायचो. घरात माझ्याशिवाय आवाज करणारं दुसरं कोण हाय, वहिनी? पण काल तिने वर पाय टाकला आणि परत घेतला. मग माझी मलाच लाज वाटली."

म्हणजे इतके दिवस जळणारी मी एकटी नव्हते तर.

ठकी चढली. एकेक अर्धी पायरी, मध्ये दम खात. घरात शिरून थेट ओट्याखाली तिच्या जुन्या जागेवर बसली. मला रडूच आलं. कठड्यावरून वाकून बघितलं, तर सर खालीच उभे.

"चढली?"

"चढली. तुम्ही पण या ना वर!"

"मी कुठला येतोय? एवढ्या उंच पायऱ्या. माझे गुडघे तिच्याहून जुने."

खिडकीची ती दोरी तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली. बसता-उठता येत नाही अशा माणसाने आपल्याच खुर्च्यांचे पाय कापले होते.

"सर," मी म्हटलं, "या फळ्या जरा रुंद करा. तुमचा पाय मावेल एवढ्या."

"सोसायटी ओरडेल."

"ओरडू दे. वयाचा मान ठेवा म्हणावं."

आता संध्याकाळी कुकरच्या शिट्टीला सर त्या अर्ध्या पायऱ्यांवरून वर येतात आणि माझ्या उंच खुर्चीत ऐटीत बसतात. आणि ठकी, माझी ठकी, माझ्या घरात, मीच मांडलेल्या पाटावर पाय देऊन त्यांच्या मांडीत चढते. मला अजून राग येतो. चहा ओतताना मी तिच्याकडे बघतही नाही. पाट मात्र तिथून हलवत नाही.