परबबाई विचारतात, आत्ता की उद्या

आमच्या शेजारच्या परबबाई कोणालाही 'कळलं का?' म्हणून विचारत नाहीत. दोन उत्तरं पुढे ठेवतात आणि एक निवडायला लावतात. कामवाल्या संगीताला म्हणतील, "दूध उतू गेल्यावर गॅस बंद करायचा की आधी?" संगीता म्हणते, "आधी, बाई," आणि माझ्याकडे बघून डोळे फिरवते. प्लंबरला विचारलं, "नळ आत्ता दुरुस्त करायचा की उद्या?" तो म्हणाला, "उद्या," आणि पिशवी उचलून गेला. त्याचा उद्या अजून उजाडायचाय.

हे खूळ त्यांनी निवृत्तीनंतर केलेल्या कोर्समधलं, तिथे 'कळलं का?' विचारायला बंदी. बाईंनी जन्मभर पालिकेच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तेही मराठीतून. डॉग म्हणजे कुत्रा, झालं. लग्न केलं नाही, आईचं शेवटपर्यंत केलं, आणि जग पाहिलं ते मुलुंड ते कुडाळ एवढंच. निवृत्त झाल्या आणि गच्चीवर आमसुलं वाळत घालता घालता म्हणाल्या, "सुमन, मी परदेशात इंग्रजी शिकवायला जाणार. व्हिएतनामला."

"अहो, तिथे जेवणाचं काय?"

"मासे मिळतात गं. बाकी मी बघते."

त्यासाठीचा कोर्स ऑनलाइन. नियम मोठा जहाल, इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत बोलायचंच नाही. सगळं हातवारे करून नाहीतर चित्रं दाखवून. सरावाला बाईंनी मला धरलं. त्या हवेत बसल्यासारखं करायला लागल्या की मी लगेच म्हणायची, "खुर्ची." बाई वैतागायच्या. "तुला मराठी येतं ना, हाच तुझा दोष."

परीक्षेला तर मराठी, हिंदी, इंग्रजी यातलं काहीच न येणारा माणूस हवा होता. आता असा माणूस मुलुंडात आणायचा कुठून? आमचे गुजराती माझ्यापेक्षा बरं मराठी बोलतात. शेवटी सापडल्या तिसऱ्या मजल्यावरच्या कामाक्षी अम्मा. गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या, तमिळशिवाय दुसरी भाषा नाही. मुलगा-सून कामाला गेले की दिवसभर बाल्कनीत बसून रस्ता बघायच्या.

मग रोज दुपारी बाई तिसऱ्या मजल्यावर. एकदा 'यस्टरडे' समजावायला त्या पॅसेजमध्ये उलट्या चालत गेल्या आणि थेट चपलांच्या रॅकवर बसल्या. अम्मांचं हसणं आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

परीक्षेच्या दिवशी लॅपटॉपवर परदेशातल्या मॅडम बघत होत्या. मी दाराशी बसले होते. बाई अगदी रंगात आल्या आणि आत कुकरची शिट्टी झाली. अम्मा उठून चालायला लागल्या. बाईंच्या तोंडून थेट मालवणी निघालं, "खंय चललंस गे?" मी म्हटलं, वाट लागली. तर अम्मा वळल्या, हात वर करून म्हणाल्या, "टीचर, कुकर. यू वेट."

मॅडम खूश. शिकणारी बाई आपणहून बोलली, यासाठीच तर हा सगळा खटाटोप, असं म्हणाल्या. बाई पास झाल्या.

पुढे नोकरीही मिळाली, पेढे वाटून झाले. आणि मग सगळं थंड. व्हिसाचे फोटो काढायचेत, बॅग आणायचीय, गुडघा दुखतोय. मला वाटलं, घाबरल्या. या वयात एवढ्या लांब, घाबरणारच.

एका दुपारी दारात येऊन उभ्या राहिल्या. "सुमन, मी गेल्यावर अम्मा दुपारच्या एकट्या बसणार की कोणी सोबत असेल?"

एरवी विचारताना बाईंची भुवई वर असते, कारण उत्तर त्यांना आधीच ठाऊक असतं. त्या दिवशी भुवई जागच्या जागी होती. नजर माझ्या उंबऱ्यावर.

"सोबत असेल," मी म्हटलं.

"आजपासून की..."

"बाई, तुम्ही आधी फोटो काढून या."

बाई व्हिएतनामला गेल्या. आता दुपारी तिसऱ्या मजल्यावर मी असते. मला तमिळ येत नाही, अम्मांना मराठी नाही, त्यामुळे बाईंच्याच इंग्रजीवर दोघी भागवतो. कालचं काही सांगायचं असलं की अम्मा मागे वळून आधी रॅक बघतात, मगच दोन पावलं उलट्या चालतात. मग कॉफीचा पेला हातात घेऊन भुवई वर करतात. "सुमन, कॉफी. नाऊ ऑर टुमारो?"

मी 'नाऊ' म्हटल्याशिवाय ओतत नाहीत.