दगडावर घासलेली सुई

धोंडीआबा दवाखान्यात आले की आधी कापूस मागत. जखमेला नव्हे. तपकिरीच्या जुन्या डबीतून ते इन्शुलिनची सुई काढत, चिमटीत धरत आणि कापसातून हळूच ओढून बघत. एखादा तंतू अडकला, म्हणजे टोक वाकलं. मग दुसऱ्या खिशातून वस्तऱ्याचा दगड निघे, त्यावर तेलाचा थेंब पडे आणि माझ्या बाकावर घासणं सुरू होई. मागे खोकणारे, कण्हणारे पेशंट ताटकळत बसलेले.

मी लोणावळ्याच्या त्या दवाखान्यात कंपाउंडर. आधीच दमलेला माणूस. त्यात हे ध्यान दर आठवड्याला वडिवळ्याहून कामशेतपर्यंत चालत आणि पुढे गाडीनं येणार. रेल्वेच्या शेडमध्ये तीस वर्षं फिटर होते, त्यामुळे घासून नीट होत नाही अशी वस्तू जगात असते हे त्यांना पटतच नसे.

साखरेचा आजार आबांना नव्हता, त्यांच्या बायकोला, सखूमावशींना होता. दिवसातून दोनदा सुई. टोचायला आबांना मीच शिकवलं, वांग्यावर. आठ दिवस घरातलं एक वांगं त्यांनी धड ठेवलं नाही, आणि मावशींनी त्या सगळ्यांचं भरीत करून त्यांनाच खायला घातलं.

लढाईचे दिवस होते. सुया विलायतेहून यायच्या, म्हणजे येत नव्हत्या. डॉक्टर चिठ्ठीवर तीन महिन्यांना दोन लिहीत, त्याही जुन्या परत केल्या तर. आबा चिठ्ठी उलटीपालटी करून बघत.

"दोनच?"

"दोनच, आबा."

"रोज दोन डाव टोचाया लागती. डॉक्टरला म्हनावं, तुमीच सांगा कसं करू."

डॉक्टर काय सांगणार? त्यांनी एवढंच बजावलं होतं की चार दिवस जरी औषध चुकलं तरी बाई हाती लागायची नाही. म्हणून आबा तीच सुई उकळायचे, घासायचे, परत उकळायचे. घासून घासून ती इतकी आखूड झाली होती की मी म्हटलं, "टाका आता."

"जीव हाय आजून," आबा म्हणाले. हे ते सगळ्यांबद्दल म्हणत. छत्रीबद्दल, वहाणांबद्दल. एकदा मी तापानं फणफणलो असताना माझ्या कपाळाला हात लावून तसंच म्हणाले, आणि पुढं विचारलं, "सुया आल्या का?"

मी वैतागायचो. खोटं कशाला बोलू, लांबून त्यांचं पागोटं दिसलं की आत जाऊन बाटल्या पुसत बसायचो.

एका बाजाराच्या दिवशी दवाखाना रिकामा असताना ते आले. कापूस मागितला नाही. बाकावर बसले आणि बाही वर सरकवली. कोपरापर्यंत बारीक काळे ठिपके.

"हे काय, आबा?"

"घासली की पयली मला टोचून बघतो. दुखली तर परत घासतो. मगच तिला. पर आता काय कळंना झालंय. कातडं निबर झालं. तुमचा हात मऊ हाय, भाऊ. जरा बघता का?"

नाही म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण तोवर त्यांनी सुई उकळायला माझ्या हातात दिलीही. उकळली, निवली, मी दंडाला स्पिरिट लावलं आणि हात पुढे केला. त्यांनी अगदी बेतानं टोचली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखली?"

आबांना बरं वाटावं म्हणून थाप मारता आली असती. पण पुढची टोच मावशींना बसणार होती.

"दुखली, आबा. खूपच दुखली."

ते सुईकडे बघत राहिले. दगड काढला नाही.

"मी रोज इचारतो तिला. रोज म्हन्ती, न्हाई दुखत, तुमचा हात लय हलका हाय."

डॉक्टरांनी अडीअडचणीला एक नवी सुई कपाटात ठेवली होती. मी ती कागदात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवली.

"चिठ्ठी न्हाई की," ते म्हणाले. दोन वर्षं चिठ्ठीवरून माझं डोकं खाणारा माणूस.

"राहू द्या. डॉक्टरांचं मी बघतो. गाडीची वेळ झाली, मावशी वाट बघत असतील."

"व्हय, निघाया पायजे," आबा म्हणाले, पण उठले नाहीत. सुई मुठीत धरून तसेच बसले. "पर भाऊ, आता तिला तोंड कसं दाखवू?"