न झिजणारा बुरूश

दत्तारामनं मुंबईहून बापासाठी दाढीचा बुरूश आणला, तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो हा, की ह्याला केस कुणाचा?

"डुकराचा असंल तर उंबऱ्याच्या आत येणार नाय," प्रयागबाई चुलीपुढून म्हणाली.

"डुकराचा नाय गो आये. नायलॉनचा हाय."

"ते कंचं जनावर?"

"जनावर नाय. कारखान्यात होतो."

"कारखान्यात केस होतात? मग तुझ्या मामाला ने की गिरणीत. डोस्क्यावर चार उगवून आण."

येसाजी बुरूश हातात घेऊन बघत होता. पिवळीजर्द मूठ, पांढरेशुभ्र केस, एकेक केस पोलिसासारखा ताठ. त्यानं तो गालावर फिरवून बघितला आणि म्हणाला, "म्हंजे कुणाच्या अंगावर उगावलाच नाय हा."

"नाय बाबा. म्हणून गळत नाय, कुजत नाय. जल्मभर झिजत नाय."

हे शेवटचं वाक्य येसाजीनं पाठ केलं, आणि घात झाला तो तिथंच.

आता येसाजीची दाढी करायचा कोंडाजी न्हावी. आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, पोलादपुराच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच ओढ्यात खेकडे धरून वाढलेले. मिशा फुटल्यापासून दर सोमवारी कोंडाजी धोकटी घेऊन येसाजीच्या पडवीत यायचा. बुरूश नाही, साबण नाही. वाटीत कोमट पाणी घ्यायचं आणि अंगठ्यानं गाल चोळायचे. ते चोळणं चालायचं अर्धी घटका आणि तोंड चालायचं दोन घटका. महाडच्या कोर्टात कोण उभा राहिला, कुणाच्या सुनेनं माहेरची वाट धरली, सगळं त्या वाटीतल्या पाण्यात विरघळलेलं असायचं. एकदा त्यानं सांगितलं होतं, की आंबेनळीत वाघानं हात करून एस्टी थांबवली, आणि कंडक्टरनं त्याला जनावर म्हणून अर्धं तिकीट दिलं. येसाजीनं विचारलं, "उतरला कुठं?" कोंडाजी म्हणाला, "वाड्याला. सासुरवाडी हाय त्याची." असा माणूस.

दत्तारामचा तो बुरूश, साबणाची वडी आणि पात्याचं मशीन घेऊन येसाजी शिमग्याच्या दिवशी देवळापुढं गेला. पालखी खाली ठेवलेली, सगळी वाडी जमलेली. त्यानं पाण्यात साबण फेसून दाखवला. फेस एवढा आला, की तो तांब्यातून उतरून पायरीवर आला आणि पायरीवरून हैबतीच्या पायावर. हैबती म्हणजे शेजारी. तो पाय झटकत म्हणाला, "ह्यात तर म्हैस धुऊन निघंल."

कोंडाजी मागं उभा होता. तो हसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चार म्हयन्यात टक्कल पडंल त्या बुरशाला. मग येशीलच माझ्यापुढं मान वाकवून."

चारचौघांत असं बोलल्यावर येसाजी गप्प बसेल, तर तो येसाजी कसला? त्यानं बुरूश वर धरला. "कोंड्या, हा बुरूश हाय तोवर तुझ्यापुढं मान वाकवणार नाय. भैरीची आण."

लोक हसले. कोंडाजीही हसला. पुढच्या सोमवारी तो आला नाही.

येसाजीनं पडवीत आरसा टांगला, फेस केला, मशीन फिरवलं आणि पाच जागी कापून घेतलं. दाढी वाटीतलं पाणी निवायच्या आत उरकली. मग तो बसून राहिला. आता काय करायचं, ते त्याला कळेना. समोर बोलणारं कुणी नव्हतं. आरशात एक माणूस होता, पण त्याला येसाजीपेक्षा जास्त काही ठाऊक नव्हतं.

दुसरा सोमवार गेला, चौथा गेला. वाडीतल्या बातम्या येसाजीच्या दारावरून सरळ पुढं जायला लागल्या. हैबतीची म्हैस विताना मेली. येसाजीला पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी तो वाटी घेऊन हैबतीच्या दारात उभा.

"काय येसबा?"

"खरवस झाला असंल म्हटलं. वाईच चाखायला."

हैबती त्यानंतर महिनाभर त्याच्याशी बोलला नाही.

कोंडाजी दिसायचा, नाही असं नाही. सोमवारी थोरल्या मोरूला बरोबर घेऊन धोकटीसकट दारावरून जायचा. मोरू पुढं, बाप मागं. येसाजी पडवीत उगाच खोकायचा. कोंडाजी मान सरळ ठेवून निघून जायचा. "ल्योकाला धंद्याला लावतोय आणि मला खिजवतोय," येसाजी म्हणायचा.

"जा की मग. हाक मारा," प्रयागबाई म्हणायची.

"आण घेतलीय."

"मग तो बुरूश घाला चुलीत."

"तसा मारला तर आण मोडली. आपणहून मेला पायजे. न्हायतर हरवला पायजे. हरवण्याला माणूस काय करणार?"

बुरूश आपणहून मरावा म्हणून येसाजीनं आषाढापर्यंत दिवसातून दोनदा दाढी केली. गालाची साल निघाली, बुरशाचा केस निघाला नाही. मग प्रयागबाईनं त्याच बुरशानं चिंच आणि राख घेऊन तांब्याचा हंडा घासला. लोक सांगतात की हंडा इतका झिजला, की चुलीवर ठेवल्यावर आतलं पाणी बाहेरून दिसायला लागलं. बुरूश आपला जास्तच पांढरा झाला.

गणपती गेल्यावर येसाजीनं हरवायचं मनावर घेतलं. सावित्रीवर आंघोळीला गेला, पाण्याच्या कडेच्या धोंड्यावर बुरूश ठेवला आणि देवाचं नाव घेत दुसरीकडे बघत बसला. लाट आली, बुरूश गेला. येसाजी गाणं गुणगुणत घरी आला. अंगावरचं धोतर वाळायच्या आत कोंडाजीची सून आवडी दारात.

"मामा, तुमचा बुरूश डोहात तरंगत होता."

"माझाच कशावरनं गो?"

"तीन गावांत दुसरा कुणाकडं हाय?"

येसाजीला "बरं झालं बाय" म्हणावं लागलं. वर प्रयागबाईला तिला चहा द्यावा लागला.

मग तो महाडला निघाला. महाडात काम काही नव्हतं. एस्टीत खिडकीपाशी बसला, बुरूश बाकावर ठेवला आणि महाड आल्यावर जरा धावतच उतरला. चवदार तळ्यापाशी जाऊन पाय धुतले, बाजारात शेव घेतली, आज ती गोड लागली. संध्याकाळी परतीच्या गाडीत चढला तर तोच कंडक्टर.

"आजोबा, तुमचा ब्रश राहिला होता. दिवसभर सांभाळलाय."

"कशाला तरास घेतला?"

"त्रास कसला? आमच्या ड्रायव्हरांनी एकेक दाढी उरकून घेतली. चांगला आहे हो, अजिबात झिजत नाही."

येसाजी पोलादपुरापर्यंत बुरूश मांडीवर घेऊन बसला, आजारी पोर घेऊन बसावं तसा.

घरी आल्यावर त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. सूर्य उद्या उगवेल ह्याची खात्री नाही, पण हा बुरूश उद्या असेल ह्याची आहे. आणि कोंडाजी आणि तो, दोघंही साठीला आलेले. बुरूश जन्मभर झिजत नाही म्हणजे कुणाच्या जन्मभर? माणसाचा जन्म केवढा? आपण मरू, कोंडाजी मरेल, आणि बुरूश देवळापुढं पांढराशुभ्र उभा राहून पुढच्या शिमग्यांची पालखी बघेल. त्या दिवशी येसाजी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं परसातल्या उकिरड्यात हातभर खड्डा केला आणि बुरूश आत घातला. शेणात लोखंडसुद्धा कुजतं. "पडला हातातून," तो प्रयागबाईला म्हणाला. "पडला तो हातभर खाली कसा गेला?" असं तिनं विचारलं नाही. पण पाणवठ्यावर बायकांना सांगितलं मात्र सगळं.

सकाळी उजाडता येसाजी परसात गेला, तर उकिरड्यात कुणीतरी गुडघ्यावर बसलेलं. कोंडाजी. दोन्ही हातांनी शेण चाचपत होता. उकरलेला बुरूश त्याच्या गुडघ्याला लागूनच पडलेला होता, पिवळीजर्द मूठ वर करून, आणि कोंडाजी वीतभर लांब खत चिवडत होता.

येसाजी हळूच पुढं गेला. मग खाली वाकून त्यानं बुरूश उचलला आणि कोंडाजीच्या हातात दिला.

कोंडाजी दचकला. "कोण हाय?"

"मी हाय. तुला दिसत नाय का रे?"

कोंडाजीनं बुरूश पुसायला घेतला. धोतराला पुसत राहिला. "उजेड चढला की थोडं दिसतं. माणूस उभा हाय येवढं कळतं. कोण, ते आवाजावर."

"कधीपासनं?"

"गेल्या साली भात लावलं तेव्हापासनं. गेल्या पौषात तुझ्या गळ्याला वस्तरा लागला, आठवतं? रगत आलं. तू म्हणालास, मीच हललो. येसबा, तू हलला नव्हतास. मला गळाच दिसला नव्हता." त्यानं बुरूश उलटा करून पुसला. "त्या दिवशी घरी गेलो तो जेवलो नाय. म्हटलं एखाद्या सोमवारी ह्याला मारीन मी."

"सांगायचं होतं रे."

"न्हाव्यानं काय सांगायचं? डोळे गेले? बाकीच्यांची दाढी मोरू करतो, मी नुसता उभा राहून तोंड चालवतो, कुणाला कळत नाय. तुझ्याकडं मोरूला लावला असता तर तू इचारलं असतंस. तेवढ्यात तुझा बुरूश आला. म्हटलं देव पावला. म्हणून तर देवळापुढं तुला डिवचला. तू भडकणार, मला ठाऊक. तू आण घेतलीस आणि मी मनात नारळ फोडला."

"आणि डोहातनं?"

"आवडीनं लांबून बघितलं, तिला मीच उतरवली. बुरूश गेला तर तुझी आण सुटणार आणि वस्तरा परत माझ्या हातात येणार. एस्टीतनं आला तो मात्र आपला आपण आला, त्यात माझा हात नाय."

येसाजी उकिरड्याच्या कडेला खाली बसला. शिमग्यापासून दसऱ्यापर्यंतचे सोमवार त्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि मध्येच सोडून दिला. एवढे सोमवार दोघं एकमेकांना चुकवत बसले होते, एक पडवीत आणि एक रस्त्यावर. नुसतं बसून बोललो असतो तर काय बिघडलं असतं? बोलायला डोळे कशाला लागतात? पण हे शिमग्यात कळलं असतं तर उपयोग होता.

त्यानं कोंडाजीकडं नीट बघितलं. एका गालावर खुंट, दुसऱ्यावर अर्धवट, हनुवटीखाली एक पुंजका बोकडासारखा.

"तुझी दाढी कोण करतो रे?"

"मोरू. बापाला हात लावायला घाबरतो. निम्मी ठेवतो."

"ऊठ. चल पडवीत."

"आण हाय तुझी."

"माझ्या मानेची हाय. तुझ्या मानेची कुणी घेतलीय?"

प्रयागबाईनं पाणी तापवून दिलं. बुरूश तिनं तीनदा धुतला, चौथ्यांदा तुळशीचं पानही घातलं, आणि मग आत न जाता दाराशी उभी राहिली. न्हाव्याची दाढी कुळवाड्यानं करायची, हे तिनं जन्मात बघितलं नव्हतं. पाणवठ्याला निघालेल्या दोघी घागरी खाली ठेवून कुंपणाशी थांबल्या. हैबती कित्येक महिन्यांनी आपणहून पडवीपर्यंत आला.

कोंडाजीनं मान वाकवली. येसाजीनं फेस केला, गालांना लावला, मिशा सोडून सगळा चेहरा पांढरा केला आणि मशीन हातात घेतलं. एवढ्या महिन्यांत त्यानं स्वतःला किती वेळा कापलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

डावा गाल झाला. उजवा झाला. हनुवटीखाली येताना पातं जरा तिरपं बसलं, आणि पांढऱ्या फेसात एक लाल रेघ उतरली. येसाजीचा हात तिथंच राहिला.

"लागलं का रे?"

"नाय," देवळातल्या धोंड्यासारखा बसलेला कोंडाजी म्हणाला, "मीच हललो."