कालचं सांगा

आमच्या ऑफिसात सकाळी आत शिरायचं तर आधी मशीनवर अंगठा ठेवावा लागे आणि मग अण्णांच्या तावडीतून सुटावं लागे. अण्णा दारातच खुर्ची टाकून बसत. "कालचं सांगा," म्हणत. काल जे शिकवलं ते, आणि डायरी न उघडता. आठवेना झालं की हात आपोआप डायरीकडे जाई. अण्णा तिच्यावर आपला जाड पंजा ठेवत. "डायरीला न्हाई इचारलं. तुम्हाला इचारून राह्यलो."

जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत अण्णा विक्रीच्या माणसांना नव्या वाणांची माहिती शिकवत. मी माहितीपत्रकं लिहायचो. अण्णा मूळचे टेंभुर्णीचे, बिऱ्हाड जुन्या जालन्यात. मेंदूबद्दल ते घरच्या हट्टी बैलाबद्दल बोलावं तसं बोलत. "त्याला एका वक्ताला तीनच गोष्टी झेपतात, कुलकर्णी. चौथी घातली की पहिली बाहेर."

परवा आमच्याकडे एक प्रशिक्षक येऊन हेच सगळं सांगून गेला. इंग्रजीत, जेवणासह. मला अण्णांची दारातली खुर्ची आठवत राहिली.

एकदा मला कापसाच्या वाणासाठी ओळ सुचेना. अण्णांनी हातातलं पेन काढून घेतलं. "खुर्चीत बसून नवं काय सुचते? मोंढ्यात चक्कर मारून या." मी तणतणत गेलो. पोती, हमाल, ऑटोवाल्यांची भांडणं बघत फिरलो. ओळ परतताना सुचली. हे मी त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही.

दुपारी एक वाजला की अण्णा स्कूटर काढत आणि अडीचला परतत. "शिकलेलं झोपेत मुरते, लोणच्यासारखं," हे त्यांचं कारण. आम्ही त्याला 'शास्त्रीय वामकुक्षी' म्हणायचो. अण्णाही हसायचे.

मग नवे साहेब आले. त्यांनाही मेंदूचंच वेड होतं, फक्त त्यांच्याकडे त्याचं सर्टिफिकेट होतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दुपारचं घरी जाणं बंद केलं. कधी कुणाकडे काही न मागणारे अण्णा केबिनमध्ये गेले. मी तिथंच होतो.

"पगार कापा, साहेब. रविवारी येतो. दुपार तेवढी ठेवा."

"एवढी झोप?" साहेब हसले. मग त्यांना खेळकरपणा सुचला. दुसऱ्याच दिवशी शहागडला दुकानदारांचा मेळावा होता. एकाच वाणाबद्दल दोघांनी बोलायचं. दुकानदारांच्या लक्षात अण्णांचं जास्त राहिलं, तर दुपार अण्णांची.

शहागडच्या मंगल कार्यालयात साहेबांनी पडद्यावर रंगीत मेंदू दाखवला, आलेख दाखवले, बाण उडवले. अण्णांनी पिशवीतून मुळासकट उपटलेलं कपाशीचं झाड काढलं आणि दुकानदारांच्या हातात दिलं. "मूळ बघा, किती खोल गेलंय. बोंड बघा, कसं पुरतं उमललंय. आन् लावताना दोन झाडांत एवढी जागा सोडा." एवढं म्हणून त्यांनी हात पसरून दाखवला आणि खाली बसले. त्या सबंध दुपारी ते एवढंच बोलले. एक वाजल्यापासून मात्र दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते.

चहानंतर साहेबांनी विचारलं, "काय लक्षात राहिलं?"

मूळ, बोंड, जागा. सगळे एकदमच बोलले. एकाने हातही पसरून दाखवला.

"आणि माझ्यातलं?"

दुकानदार एकमेकांकडे बघू लागले. मग एक म्हातारा दुकानदार भिडेखातर म्हणाला, "तुमचा तो फोटो लई भारी होता, साहेब. फुलकोबीचा."

साहेबांनी शब्द पाळला, एवढं त्यांच्याबद्दल सांगायला हवं. दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला अण्णा निघाले ते इतक्या घाईत, की मोबाइल टेबलावरच राहिला. तो द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. झोपलेल्या माणसाला उठवायची थोडी दुष्ट हौसही होती.

दार उघडंच होतं. अण्णा जमिनीवर बसले होते. समोर खाटेवर त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. त्यांना मागे लकवा मारल्याचं मला माहीत होतं. वाचा गेल्याचं नव्हतं. दोघांच्या मध्ये वाटी, कंगवा आणि लिंबू. तीनच वस्तू. अण्णांनी लिंबू वहिनींच्या चांगल्या हातात ठेवलं, नाकाशी नेलं आणि थांबले. ऑफिसात कुणासाठी एवढं थांबल्याचं मला आठवत नाही.

"लिं...बू," वहिनी म्हणाल्या.

मी दिसताच अण्णा ओशाळले. "या कुलकर्णी. दोन वर्षांत चाळीसेक शब्द परत आले. पण सुटे सुटे. जोडता येत न्हाईत आजून. एक दुपार खाडा झाला की मागं सरकते." मग जणू मीही शिकायलाच आलो होतो तशा आवाजात त्यांनी वहिनींना विचारलं, "हं. कालचं सांगा."

वहिनींनी वस्तूंकडे पाहिलंच नाही. अण्णांकडे पाहत राहिल्या. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"काल... न्हाई... आले."

अण्णांनी वाटी उचलली, पालथी ठेवली, पुन्हा सुलटी केली.

"बराबर," ते कसेबसे म्हणाले. "बिलकुल बराबर."

मी मोबाइल कोनाड्यात ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.