अडुळशावर भांडणाऱ्या पाटील मॅडम

आमच्या लोणखेड्यात कुणी दारापुढल्या झाडाचं पान तोडलं, की शेजारच्या पाटील मॅडम भिंतीवरून ओरडतात, "किती?" पान तोंडात घालायच्या आत उत्तर द्यावं लागतं. "थोडंसं" म्हणालात तर मेलात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण आवाज अजून नोकरीतच आहे.

"गावठी औषधाला साइड इफेक्ट नसतो" हे वाक्य ऐकलं की त्यांचं डोकं फिरतं. "इफेक्ट असेल तर साइड इफेक्टही असणार. झाड काही तुझी मावशी लागत नाही." शहाद्याच्या बाजारात एका जडीबुटीवाल्याला त्यांनी विचारलं, या पुडीत आहे काय? तो म्हणाला, "ताकद." "ताकद हा कुठला रेणू?" असं विचारत त्या तासभर तिथेच ठाण मांडून बसल्या. शेवटी बिचाऱ्यानेच पथारी गुंडाळली.

मलाही या सगळ्याची गंमत वाटायची, त्या आमच्या घरात शिरेपर्यंत. बायकोला चौथा महिना, त्यात खोकला. आईने परसातला अडुळसा उकळला. मॅडमना वास गेला. चपलांसकट त्या स्वयंपाकघरात आल्या आणि पातेलं मोरीत ओतून निघून गेल्या. "आडुळसाना काढा शे, जहर नही," म्हणत आई रडायला लागली. माझं डोकं सणकलं. तीन पिढ्या आम्ही हा काढा पितोय, आणि ही बाई माझ्या आईला रडवते? तावातावाने त्यांच्या घरी गेलो आणि तोंडाला येईल ते बोललो. एकेकाळी त्यांच्या वर्गात बसलो होतो, तेही विसरलो.

त्या ओरडल्या नाहीत. खुर्चीकडे बोट दाखवलं.

"अडुळशात व्हॅसिसीन असतं. त्याने छाती मोकळी होते, तसं गर्भाशयही आकुंचन पावतं. हे मी वर्गात शिकवत होते. घरी मला खोकला झाला, तर सासूबाईंनी फुंकर घालून काढा दिला. मी प्यायले. तिसरा महिना होता."

मी खुर्चीत बसलो.

"त्यानेच गेलं की आणखी कशाने, कोण सांगणार? पुन्हा दिवस राहिले नाहीत. सासूबाई माझ्यासाठी मरेपर्यंत उपास करायच्या. त्यांना मी कधीच सांगितलं नाही."

मग त्या उठल्या आणि मला दाराकडे ढकललं.

"बायकोला दवाखान्यात ने. आईला यातलं काही बोलू नकोस. पाटलीण भांडकुदळ आहे, एवढंच सांग."