गमरे सरांचा पृष्ठरज्जू

गमरे सर प्रयोगशाळेला कुलूप लावून जिन्यापर्यंत जायचे, थबकायचे आणि परत यायचे. कुलूप उघडून मेन स्विच बघायचे, पुन्हा निघायचे, पुन्हा वळायचे. आमचा शिपाई म्हात्रे स्टुलावरून ओरडायचा, “सर परत आयले!” सगळे हसायचे. मीही हसायचो. सांगायला हवं ते आधीच सांगतो: ही खोड त्यांना माझ्यामुळे लागली.

वाशीचं आमचं कॉलेज तेव्हा नवं होतं, ऐंशी सालच्या आसपासचं. चार खोल्या आणि खिडकीतून येणारा खाडीचा वास. प्राणिशास्त्र शिकवायला आम्ही दोघंच. सर माझ्याहून बरेच मोठे, कोकणातून आलेले, एकटे. कॉलेज उभं राहिलं ते त्यांच्या जिवावर. टेबलं त्यांनी मिळवली, प्रवेशाची गर्दी त्यांनी सांभाळली. म्हात्रे आजारी असला की घंटासुद्धा तेच द्यायचे.

त्यांचं सारं प्रेम पृष्ठरज्जूवर. पाठीचा कणा तयार होण्याआधी गर्भात जी लवचीक दोरी येते, ती. “कण्याचं काय कौतुक करता?” ते वर्गात म्हणायचे. “आधी हा येतो. याच्या सांगण्यावरून वरचा थर दुमडतो, त्याचा मेंदू होतो, मज्जारज्जू होतो. मग मणके येतात आणि यालाच गिळतात. थँक्यूसुद्धा म्हणत नाहीत!” पोक काढून बसलेल्या पोराच्या पाठीवर टिचकी मारून म्हणायचे, “सरळ बस. आत कोणीतरी तुझ्यासाठी खपलंय.” नवे प्राचार्य आले तेव्हा सर माझ्या कानाशी लागून म्हणाले, “मणके भरपूर आहेत. पृष्ठरज्जू दिसत नाही.”

हा पृष्ठरज्जू ते कोंबडीच्या अंड्यात दाखवायचे. कोपरखैरण्याच्या एका घरातून गावठी अंडी आणायची आणि बल्ब लावलेल्या खोक्यात उबवायची. दीडेक दिवसाने अंडं मिठाच्या कोमट पाण्यात फोडलं की बलकावर इवलासा गर्भ, आणि त्याच्या मधोमध बारीक रेघ. ती दिसली की सर कुजबुजायचे, “आला रे, आला.” जणू घरात बाळ झालंय.

विभागप्रमुख निवडायला समिती येणार होती, सोमवारी. समितीला दाखवायला सरांनी शनिवारी संध्याकाळी अंडी लावली. शेवटी जाणाऱ्याने मेन स्विच खाली ओढायचा, असा आमचा नियम. त्या दिवशी सर तो मुद्दाम चालू ठेवून गेले. मी विसरलेली छत्री घ्यायला परत आलो, आणि निघताना माझा हात सवयीने स्विचवर गेला.

सोमवारी सर एकेक अंडं फोडत गेले. नुसता बलक. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, “कांदा-मिरची मागवू का, सर?” सगळे हसले. सर स्विचकडे बघत होते. “मीच ओढला असणार,” ते म्हणाले. “हाताची सवय.”

तेव्हा मला बोलता आलं असतं. पण जागा एकच होती. मी गप्प बसलो आणि ती मला मिळाली. पेढे सरांनीच आणले.

त्यानंतर त्यांनी कधी अंडी लावली नाहीत. रेघ फळ्यावर खडूने काढायचे, आणि स्विच बघायला परत यायचे.

काही वर्षांनी त्यांच्या कमरेतली गादी सरकली. भेटायला गेलो तर खोलीत फळीवर उताणे पडलेले.

“डॉक्टर म्हणतो, गादी,” ते म्हणाले. “अरे, गादीच्या आत काय असतं? पृष्ठरज्जूचं उरलंसुरलं. गर्भातलं तेवढंच मणक्यांच्या मध्ये टिकतं. माझं तेही बाहेर पडायला निघालं.”

मी उठलो तेव्हा म्हणाले, “जाताना स्टोव्ह विझलाय ना, बघ. मला उठून बघता येत नाही, आणि स्वतःवर भरवसा नाही रे. त्या अंड्यांपासून नाही.”

मी स्टोव्ह बघितला. विझलेला होता. परत येऊन फळीशेजारी जमिनीवर बसलो.

“सर, त्या शनिवारी मी छत्री न्यायला परत आलो होतो. स्विच मी ओढला.”

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“म्हणजे मी चालू ठेवला होता?”

“हो सर. तुम्ही चालूच ठेवला होता. चूक माझी, आणि ती मी तुमच्यावर राहू दिली. मला माफ करा.”