नाना सुताराचा रंधा

हत्यार कसं सांभाळावं हे फौजीला कुणी शिकवू नये, असं सुभेदार लालासाहेबांचं स्पष्ट मत होतं, आणि ते त्यांनी गावातल्या एकेकाला गाठून ऐकवलं होतं. चोवीस वर्षं रायफल पुसली, एकदाही साहेबाचा बोल लावून घेतला नाही. त्यामुळे उतारवयात सुतारकामाची जुनी हत्यारं जमवायचा नाद लागला, तेव्हा ती ठेवण्यात आपलं काही चुकेल ही शंका त्यांच्या मनाला शिवलीच नाही.

विट्याच्या बाजारातून त्यांनी गिरमीट आणलं. मेढ्याला पाहुण्यांकडे तेराव्याला गेले आणि येताना माळ्यावरची करवत घेऊन आले. लोक कुणाच्या घरी गेले की माणसं बघतात. लालासाहेब आधी माळा बघायचे. घरी आलेल्या प्रत्येक हत्याराची हजेरी व्हायची. गंज खरवडायचा, पातं ग्राइंडरवर धरायचं, खाचखळगे बुजवायचे, दोन हात पॉलिश मारायचं आणि पांढऱ्या रंगात नंबर टाकायचा. मग काचेच्या कपाटात एका रांगेत सावधान! बायको अंजना म्हणायची, "आवं, ह्यातलं एक तरी घिऊन माझा पाट नीट करा की." पण कपाटातलं हत्यार वापरायचं म्हणजे परेडचे बूट घालून चिखलणीला जाण्यासारखं. पाट तसाच डुगडुगत राहिला.

त्यांचा खरा जीव अडकला होता तो नाना सुताराच्या रंध्यात. गावातले निम्मे दरवाजे त्या रंध्याखालून गेलेले. खुद्द लालासाहेब ज्या पाळण्यात झोपले तो नानाच्या बापानं ह्याच रंध्यानं तासलेला. नाना जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि त्याची बायको साळूबाई रंधा कुणाला हात लावू देत नव्हती. पण तिचा मुलगा शिरवळला कपाटांच्या कारखान्यात मशीनवर होता. यंदा तो म्हणाला, घर आवरू, जुनी हत्यारं भंगारात घालू. दुसऱ्या दिवशी साळूबाई रंधा फडक्यात गुंडाळून स्वतःच लालासाहेबांच्या दारात आली.

"सुबेदार, पैसं नगंत मला. नीट ठिवा म्हंजी झालं. आन खंडेनवमीला मी हळदकुकू लावाया येनार."

"मावशी, तुमी काळजी करू नगा. तुमाला वळखू येनार न्हाई, असा ठेवतो."

हे वाक्य त्यांनी मोठ्या आनंदात उच्चारलं होतं.

रंधा बघितला तर काय, अंगावर एका बाजूला चांगला अंगठाभर खळगा. कुठंतरी ठेचकाळला असणार. लालासाहेबांना नानाचं वाईट वाटलं. एवढा कारागीर आणि हत्याराची ही हेळसांड. त्यांनी लाकडाचा भुसा सरसात कालवला, खळगा गच्च भरला, घासला, पुन्हा भरला, पुन्हा घासला. वर पॉलिश. नंबर सतरा. शेजारचे बाळासो बघायला आले आणि बराच वेळ काचेसमोर उभं राहून म्हणाले, "नवाच दिसतोय की, गड्या." लालासाहेबांनी त्यांना आणखी एक चहा पाजला.

खंडेनवमीला साळूबाई धुवट लुगडं नेसून आली. पाटावर सगळी हत्यारं मांडली होती, झेंडू वाहिले होते. तिनं सतरा नंबरला हळदकुंकू लावलं, उचलून पदरात घेतलं आणि ती चाचपू लागली. ह्या अंगानं चाचपलं, त्या अंगानं चाचपलं, उलटा केला, पुन्हा चाचपलं.

"सुबेदार, ह्यो आमचा न्हवं."

"तुमचाच हाय, मावशी."

"मग ह्यांचा अंगठा कुटं गेला?"

लालासाहेबांना क्षणभर कळेना. मग कळलं. तो खळगा ठेचकाळून पडलेला नव्हता. चाळीस वर्षं नानाचा अंगठा एकाच जागी टेकला होता आणि लाकडानं जागा करून दिली होती. नाना गेल्यावर साळूबाई कधीमधी रंधा उतरवायची, त्या जागी आपला अंगठा ठेवून बसायची आणि परत ठेवून द्यायची. एवढंच तिच्याकडं उरलं होतं. ती जाऊन बाहेर पायरीवर बसली. लालासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नीटनेटकेपणाची लाज वाटली.

"आत्ता काढतो," म्हणून त्यांनी पटाशीला हात घातला.

"आवं, पुजल्यालं हत्यार आज चालवायचं नसतंय," अंजना म्हणाली. सुरी, विळी, कानस, सगळं हळदकुंकवाखाली गेलेलं. पूजेतून सुटलं होतं ते एक उलथनं. लालासाहेबांनी ते दगडावर घासून घासून धारेला आणलं आणि मांडी घालून बसले. भरलेला खळगा पॉलिशखाली कुठल्या अंगाला होता हे आता त्यांचं त्यांनाच ओळखू येईना, म्हणून रंधा हातात धरला, आपला अंगठा जिथं टेकला तिथं खूण केली आणि खरवडायला लागले. लाकूड हटेना. 'सरस काय बसवलाय आपण,' असं त्यांना त्याही दुःखात वाटलं. जेवण राहिलं, बोटाला फोड आला, दुपार कलली. अखेर अंगठाभर खळगा पडला. ते बाहेर आले आणि त्यांनी रंधा दोन्ही हातांनी साळूबाईपुढं धरला.

साळूबाईनं खळग्यात बोट फिरवलं. मग त्यांच्याकडं बघितलं.

"सुबेदार, आमचं हे डावरं व्हतं."

सगळा गाव नानाला डावरा सुतार म्हणायचा. ठाऊक नव्हतं ते माणसं सोडून माळे बघणाऱ्या एकट्या लालासाहेबांना. त्यांनी रंधा फिरवला आणि दुसऱ्या अंगावर उलथनं टेकवलं. भरलेला भुसा दोन मिनिटांत पापुद्र्यासारखा निघून आला. खाली नानाचा अंगठा होता, घामानं काळा झालेला, गुळगुळीत, जसाच्या तसा.

साळूबाईनं त्यात आपला अंगठा ठेवला. बराच वेळ ठेवला. लालासाहेब मान खाली घालून उभे राहिले. मग तिनं डोळे पुसले, रंधा उलटा करून दुसरी बाजू बघितली, आणि तिच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"ह्यांचा पडाया चाळीस वर्सं गेली. तुमी दुपारच्यालाच पाडलासा."

"चुकलं, मावशी. घिऊन जावा तुमचा रंधा."

"न्हिऊन काय करू? पोरगं भंगारात घालंल. तुमच्यापशीच ऱ्हाऊ द्या. पर कपाटात नगं. उद्या दसरा झाला की ह्या तुमच्या बाजूनं धरा आन रोज हाना. अंजनाचा पाट डुगडुगतोय, तितनंच सुरू करा. ह्यांच्यावानी गुळगुळीत व्हईल तुमचाबी."

"किती दिस लागतील?"

"सांगितलं की. चाळीस वर्सं."

लालासाहेबांना चौसष्टावं चालू होतं.